पिकअप, ऑइल आणि तासांची वही

मार्चच्या अखेरीस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे भरायला गाडी लावली होती. हमाल चहाला गेले होते आणि कारखान्याचा मुकादम बिलासाठी आत बसवून घेईना, म्हणून वेळ घालवायला बॉनेट उघडलं आणि ऑइलची पट्टी काढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. पट्टी पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढंच. ऑइल बदलून तीन महिने होत आले होते. तेव्हा बरोब्बर खुणेवर आणून ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इंजिन तेल खातं हे आयुष्यभर ऐकलं, इंजिन तेल वाढवतं हे पहिल्यांदाच बघत होतो.

बोरामणी नाक्याच्या बाजूला आमचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांना पहिली शंका पाण्याची. हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सीलपट्टी) गेलं की पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं आणि तेल ताकासारखं होतं. झाकणाखाली फेस नव्हता, कूलंटच्या बाटलीतली पातळीही जागच्या जागी. मग त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि माझ्या नाकाशी धरली. सरळ डिझेलचा वास. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक थेंब टाकला, तर मधे काळा ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट ओलं कडं पसरत गेलं. "मालक, तुमच्या तेलात डिझेल उतरलंय," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य लगेच, "इंजेक्टर गेला असणार." इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा.

इंजेक्टर गेला नव्हता. तो तपासायला मात्र दीड दिवस आणि भाड्याच्या दोन खेपा गेल्या.

इथे थोडं मागं जावं लागेल. माझी आधीची पिकअप जुन्या प्रकारची, बिनसेन्सरची. तिला दर दहा हजारांना १५डब्ल्यू-४० घालायचं, फिल्टर बदलायचा, विषय संपला. २०२१ मध्ये ती विकून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, घेतली. फुकटच्या सर्व्हिसिंगा संपल्या तसा मी पुन्हा आपल्या मिस्त्रींकडे आलो आणि त्यांनी दुकानात जे ड्रम उघडं होतं तेच तेल दोनदा घातलं. १५डब्ल्यू-४० हा जाडीचा आकडा, सीएच-४ ही तेलाची प्रत. मीही विचारलं नाही. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, पंढरपूरच्या प्रसादाच्या पिशवीखाली, प्लास्टिकमधून न काढलेलं पडून होतं.

ते पुस्तक मी इंजेक्टर तपासून होईपर्यंत गॅरेजच्या बाकड्यावर बसून वाचलं. त्यात लिहिलं होतं, ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (सी३ ही युरोपातल्या गाडी कंपन्यांनी ठरवलेली तेलाची प्रत). वर चौकटीत ताकीद होती की, दुसऱ्या प्रतीचं तेल घातल्यास डीपीएफ लवकर भरेल.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली गाळणी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांना ती आली. धुरातली काजळी ती अडवते. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी सायलेन्सरमधला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, म्हणून इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं, आणि तेही स्फोट होऊन गेल्यावर. ते सगळं धुराबरोबर बाहेर जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतं. हायवेला गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं पळत असली की जाळण्याचं काम एका दमात पुरं होतं. माझी गाडी त्या तीन महिन्यांत पुण्याला दोनदाच गेली होती. बाकी सगळं एमआयडीसी ते नवी पेठ, नवी पेठ ते रेल्वे पार्सल, तिथून मार्केट यार्ड. जाळायला सुरुवात झाली की मी गाडी बंद करायचो. तासाभराने चालू केली की ती पुन्हा सुरुवात करायची आणि पुन्हा डिझेल फवारायची. तेल वाढलं ते असं.

हे मला कोणी एका दमात सांगितलं नाही. थोडं पुस्तकातून, थोडं शोरूमच्या सर्व्हिस सल्लागाराकडून, थोडं पुण्याला चादरी पोचवताना तिथल्या एका गॅरेजवाल्याकडून. मिस्त्रींना मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "म्हणजे बंद करायच्या आधी थांबायला पाहिजे." बरोबर. आता जाळण्याचं चालू असलं की मला कळतं: उभ्या गाडीचं इंजिन नेहमीपेक्षा जरा चढं चालतं, पंखा जोरात फिरतो, मागं गरम लोखंडाचा वास येतो. तसं असलं की मी बोरामणीच्या दिशेने हैदराबाद रोडला एक चक्कर मारून येतो. डिझेल जातं, पण चेंबरमध्ये जाण्यापेक्षा रस्त्यावर गेलेलं बरं.

तेल बदलायचं तर नक्कीच होतं. पण कुठलं, यावर आमचं जुंपलं.

मिस्त्रींचं म्हणणं, "५-३०? मालक, ते पाणी आहे पाणी. पुण्या-मुंबईच्या एसीतल्या गाड्यांना ठीक. आपल्याकडं मे महिन्यात ४३ डिग्री, वर दीड टन माल. २०-५० घाला, इंजिन गार राहील." आणि त्यांनी एका हाताच्या बोटांवर माझं तेल, दुसऱ्या हाताच्या बोटांवर २०-५० घेऊन चोळून दाखवलं. बोटांना फरक कळतोच. मलाही कळला, आणि खरं सांगतो, मी डगमगलो. माझे वडील यंत्रमागावर होते. तेल बोटावर घेऊन पाहायची सवय मला त्यांच्याकडूनच आली आहे. थेंब कमी पडला की माग आवाज करायचा, जास्त पडला की चादरीवर डाग आणि मालकाची शिवी. त्यामुळे बोटाच्या परीक्षेवर माझा विश्वास.

पण इंजिनातलं तेल बोटाच्या तापमानाला काम करत नाही, एवढं मला पुण्याच्या त्या माणसाने पटवलं. बाहेर जानेवारी असो की मे, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ८५-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि भार असला की तेल शंभरच्या वर जातं. सोलापूरच्या ४३ अंशांनी रेडिएटरवर ताण येतो हे खरं, पण बेअरिंगमधल्या तेलाला हवामान खात्याचा आकडा कळत नाही. डब्यावरच्या पहिल्या आकड्यापुढचा डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नव्हे. तो आकडा थंडीतल्या वागण्याचा: ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे तसली थंडी कुठली? पण पहाटे पाचला, डिसेंबरात, मार्केट यार्डात कांदा उतरवायला निघताना पातळ तेल टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्रापर्यंत, लवकर पोचतं एवढा फायदा आहे. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याला पहिल्या काही सेकंदांत तेल मिळालं नाही तर तो बोलून दाखवत नाही, वर्षभराने शिट्टी वाजवतो.

दुसरा आकडा शंभर अंशांच्या जाडीचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे त्याच्याही वर. इथपर्यंत मिस्त्री बरोबर, ५० जाडच. पण बेअरिंगमध्ये तेल दोन धातूंच्या मध्ये चिरडलं जातं तेव्हा उरणारी जाडी वेगळी, आणि तिची चाचणी १५० अंशांना होते. तिथलं मापही वेगळं, मिलिपास्कल-सेकंद. साध्या ३० ग्रेडला तिथे २.९ पुरतं. सी३ शिक्क्याच्या तेलाला, ते ३० असलं तरी, किमान ३.५ लागतं. १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७. म्हणजे ज्याला आम्ही पाणी म्हणत होतो ते नेमक्या मोक्याच्या जागी जुन्या तेलाच्या जवळपास जाड होतं. हे आकडे मी वहीत लिहून मिस्त्रींना दाखवले. त्यांनी वही बराच वेळ धरली आणि म्हणाले, "कागदावर सगळंच बरोबर असतंय."

राखेचा मुद्दा मात्र त्यांना लगेच पटला, कारण तो चुलीसारखा आहे. काजळी जळते, राख जळत नाही. तेलात घातलेली कॅल्शियम-जस्ताची द्रव्यं थोड्याफार तेलाबरोबर जळतात आणि त्यांची राख गाळणीत कायमची बसते. जुन्या प्रतीच्या डिझेल तेलात ती सव्वा-दीड टक्क्यापर्यंत असते, सी३ मध्ये जास्तीत जास्त ०.८. लिटरभर तेल जळलं तर एकाची बारा ग्रॅमच्या आसपास राख, दुसऱ्याची फार तर सात. मोठ्या ट्रकवाल्यांच्या डब्यांवर सीके-४ लिहिलेलं असतं, तीही कमी राखेची प्रत, एक टक्क्याच्या आत, २०१६ च्या डिसेंबरपासूनची. सीएच-४ त्याच्या कितीतरी आधीची, १९९८ ची. मी २०२१ च्या गाडीत १९९८ ची प्रत घालत होतो आणि वर स्वस्त पडलं म्हणून खुश होतो.

तेल खरेदीचीही एक गोष्ट झाली. शोरूममध्ये लिटरला सहाशेच्या पुढे सांगितलं. गावात एका दुकानात तोच डबा, तोच शिक्का, लिटरमागे दीडशे रुपये कमी. डबा उचलला तर झाकणाखालची पातळ सीलपट्टी एका बाजूला सुरकुतलेली, आणि तळाशी बॅच नंबर छापलेला असतो तिथे नुसता खरवडल्यासारखा भाग. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा." ठेवलं. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याने नंतर सांगितलं की झाकणासकट अख्ख्या डब्याला तो जादा पैसे देतो, फुटक्याला नाही. अख्खा डबा कोणाला हवा असतो ते तोही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून ऑइल ओतून झालं की मी स्क्रू ड्रायव्हरने डब्याला दोन भोकं पाडतो.

जळकं ऑइल मिस्त्री ठेवून घेतात. पूर्वी ते सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेत, आता म्हणे पुन्हा शुद्ध करणारे गोळा करायला येतात.

आता खरा प्रश्न, कधी बदलायचं. पुस्तकात होतं, २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. त्याखाली बारीक अक्षरात, धुळीचे रस्ते, जड भार, सतत थांबत-चालत वापर असल्यास निम्मं. शोरूमचा सल्लागार म्हणाला दहा हजार. मिस्त्री म्हणाले पाच हजार, डोळे झाकून. आणि माझं तेल तर तीन महिन्यांत, साडेसहा हजारांत, बिघडलं होतं. म्हणजे तिघांत बरोबर कोण?

उत्तर मिळालं ते मंगळवेढ्याला, चुलतभावाच्या शेतात. डाळिंबं भरायला गेलो होतो. दादाचा ट्रॅक्टर झाडाखाली उघडा पडला होता आणि तो स्वतः ऑइल काढत होता. मी आपलं दुखणं सांगायला लागलो, साडेसहा हजार किलोमीटर झाले वगैरे. तो खाली वाकलेलाच होता. म्हणाला, "किलोमीटर कशाला सांगतो बे? तास किती झाले?"

ट्रॅक्टरला किलोमीटर नसतोच, तासांचा मीटर असतो. त्याच्या ट्रॅक्टरला २५० तासांना ऑइल. नांगरट असो की उभ्याने पंप चालवणं असो, इंजिन फिरलं की तास पडला. (जुन्या मीटरांत तोही फेऱ्यांवर चालायचा, हळू चालवलं तर घड्याळाचा एक तास मीटरवर कमी दिसायचा. पण ते असो.) जेसीबीवाल्यांचंही तसंच. आम्ही पिकअपवाले तेवढे किलोमीटर मोजत बसलोय, कारण कारवाले मोजतात.

घरी येऊन शाळेची एक दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर रोज लिहिलं: चालू किती वाजता, बंद किती वाजता, किलोमीटर किती. शिस्तीने लिहिलं असं नाही, सिद्धेश्वर पेठेत अडकलेल्या एका संध्याकाळची नोंद दुसऱ्या दिवशी अंदाजाने टाकली आहे. पण चित्र स्पष्ट झालं. पुण्याची खेप म्हणजे मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत अडीचशे किलोमीटर, साडेपाच तास, ताशी पंचेचाळीस. गावातला दिवस म्हणजे साठ किलोमीटर आणि इंजिन चालू पाच तास, ताशी बारा. या हिशेबाने हायवेचे दहा हजार किलोमीटर म्हणजे सव्वादोनशे तास. गावातले दहा हजार म्हणजे सव्वाआठशे. मीटरवर आकडा एकच, आणि तेलाने केलेलं काम जवळजवळ चौपट. त्यात गावात गाळणी जाळण्याची सुरुवात-थांबा सुरुवात-थांबा, म्हणजे डिझेल वेगळं.

माझे ते साडेसहा हजार, त्यात पुण्याच्या दोन्ही खेपा धरूनही, साडेचारशे तासांच्या वर गेले होते. दादाने ट्रॅक्टरचं तेल तेवढ्यात जवळजवळ दोनदा बदललं असतं.

मी २५० तास धरले. कुठल्या पुस्तकात माझ्या गाडीसाठी हा आकडा नाही, हे मान्य. म्हणून पहिल्या २५० तासांनंतर निघालेल्या तेलाचा नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दिला. शंभर मिलीची बाटली, आणि इंजिन गरम असताना, धार मध्यावर आली की भरायची. सुरुवातीचा गाळ घ्यायचा नाही. खर्च एका सर्व्हिसिंगच्या निम्म्याहून कमी आला. मिस्त्री म्हणाले, "माणसाचं रक्त तपासायला आपण एवढं पळत नाही."

अहवाल आला तो वाचायला मला दोन दिवस लागले. शंभर अंशांची जाडी १०.६. नवं असताना बारा, आणि ९.३ च्या खाली गेली की ते ३० राहत नाही. म्हणजे उतरलं होतं, पण अजून आपल्या ग्रेडमध्ये होतं. डिझेल दोन टक्क्यांच्या आसपास. तेलातला आम्लं मारणारा क्षार, ज्याला टीबीएन म्हणतात, निम्म्याहून जास्त शिल्लक. इथवर मी खुश. पण सिलिकॉनच्या आकड्यापुढे लाल खूण होती आणि लोखंडही वाढलेलं.

सिलिकॉन म्हणजे धूळ. तेलात धूळ येते ती बहुतेक हवेच्या वाटेने. आम्ही दोघांनी एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप काढला. आत, क्लॅम्पच्या जागेपासून निघालेली, कुंकवाचं बोट ओढावं तशी मातीची एक रेघ. क्लॅम्प एक पेच ढिला. आणि फिल्टरच्या कागदाला उजेडात धरलं तर दोन सुईएवढी भोकं. ती कोणी पाडली? आम्हीच. दर पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसरने हवा मारून फिल्टर साफ करायची आमची पद्धत, नळी अगदी कागदाला टेकवून. मंगळवेढ्याची काळी माती, एमआयडीसीतला कापसाचा फुफाटा, ऊसतोडीच्या दिवसांत शेतातल्या वाटा. फिल्टर पंधरा दिवसांत पांढऱ्याचा मातकट व्हायचा आणि आम्ही त्याला फुंकून परत बसवायचो. तेलावर मी महिनाभर भांडलो आणि इंजिन झिजत होतं ते तीनशे रुपयांच्या फिल्टरमुळे.

आता फिल्टर फुंकत नाही, बदलतो. क्लॅम्पवर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, ढिला झाला की दिसतो. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन उतरलं, लोखंड थोडं उशिरा, पण उतरलं.

पैशाचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी. माझ्या गाडीला सहा लिटर लागतं. सी३ चे छत्तीसशे आणि ऑइल फिल्टरचे साडेचारशे, चार हजार पन्नास. माझ्या मिश्र वापरात २५० तासांत साधारण साडेसहा हजार किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला बासष्ट पैसे. जुन्या तेलाने पाच हजारांना बदलायचो तर एक्कावन्न पैसे पडत. अकरा पैसे महाग. गाडी लिटरला बारा देते आणि डिझेल नव्वदच्या वर आहे, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये नुसते जळतात. त्यापुढे अकरा पैशांसाठी भांडायचं मी सोडलं. चादरीच्या सीझनमध्ये हैदराबाद-पुणे खेपा वाढल्या की तेच २५० तास नऊ-साडेनऊ हजारांपर्यंत जातात आणि मग सी३ च स्वस्त पडतं.

पट्टी मात्र दर सोमवारी पाहतो, सकाळी, इंजिन थंड असताना, घरासमोरच्या सपाट जागेवर. तेल कमी झालं का यासाठी नाही, वाढलं का यासाठी. खुणेच्या वर अर्धं बोट गेलं की तास भरले नसले तरी बदलतो. फार वाढू द्यायचं नसतं. तेच तेल चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर इंजिन किल्ली बंद करूनही थांबत नाही, असं पुण्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून त्याने ते पाहिलेलं दिसत होतं.

एक गोष्ट अजून अडकलेलीच आहे. सीएच-४ चे जे दोन डाव गाडीने पचवले त्यांची राख गाळणीत बसली आहे, ती किती ते गाळणी उतरवल्याशिवाय समजणार नाही. सल्लागार म्हणतो दीड लाख किलोमीटरला बघू. सध्या मीटर एक लाख अठरा हजारांवर आहे आणि वहीची तिसरी दोनशे पानी चालू आहे. मिस्त्रींच्या गॅरेजातला जुना ड्रम अजून तिथेच आहे, जुन्या गाड्यांना चालतोच तो. पण बीएस-६ आली की आता ते आधी पुस्तक मागतात, आणि पुस्तक सापडेपर्यंत गाडीवाल्याला विचारतात, गावात किती, हायवेला किती.